ठणठणीत टाकीची तपासणी

"एकदा मी बसवलेलं यंत्र मला परत हाक मारत नाही, साहेब!" वीजबाईंनी टेबलावर हात आपटून सांगितलं. तो इतक्या जोरात आपटला की साहेबांचा अर्धा चहा बशीत उतरला. "आधी लाँड्री करून दाखवते. ती बघून बेकरी येईल, बेकरी बघून छापखाना येईल, छापखाना बघून सुतार येईल. वर्ष संपायच्या आत अख्खी गल्ली उन्हावर चालते की नाही बघा!"

साहेबांनी बशीतला चहा जपून कपात ओतला आणि म्हणाले, "बघतो."

बाईंना खरं नावही होतं, पण ते आता फक्त त्यांच्या वडिलांच्या तोंडी उरलं होतं. बाकी सगळ्यांना त्या वीजबाई. छोट्या धंदेवाल्यांना डिझेल, लाकूड, कोळसा सोडायला लावून उन्हाच्या नादी लावायचं, हे त्यांच्या कार्यालयाचं काम. आणि त्यात बाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. आवाज खणखणीत, शिडी चढण्यात मांजरीला मागे टाकतील अशा! त्या बोलायला लागल्या की समोरचा मालक दोनच गोष्टी करू शकायचा: सही, नाहीतर पळ. यंत्र बसवायचं, चालवून दाखवायचं, मालकाला शिकवायचं आणि पाठ फिरवायची. मागे वळून बघणं बाईंना ठाऊकच नव्हतं.

लाँड्रीतही सगळं तसंच झालं. छपरावर काळी चकचकीत पॅनेलं बसली. शेजारी पांढरी, गुबगुबीत, ऐन दुपारी जेवून पडलेल्या माणसासारखी टाकी आडवी झाली. उन्हानं टाकीत पाणी तापायचं आणि खाली त्या पाण्यात दवाखान्याच्या चादरी धुतल्या जायच्या. इस्त्र्या पॅनेलच्या विजेवर. डिझेलचा जुना बॉयलर भंगारवाल्याची वाट बघत मागच्या बोळात ताडपत्रीखाली जाऊन बसला. पहिल्याच दिवशी यंत्र असं चाललं, जणू जन्मापासून तेवढंच करत आलंय!

बाई शिडीवरून खाली आल्या. हात काळे झाले होते. लाँड्रीवाल्यांनी त्यांच्या हातात एक टॉवेल ठेवला. नुकताच इस्त्रीखालून निघालेला. गरम, घडी घातलेला.

एवढंच झालं. टॉवेलच तो! पण बाई हात पुसायचं विसरून तो तसाच धरून उभ्या राहिल्या. आपण होऊन कुणीतरी काहीतरी ऊबदार त्यांच्या हातात दिलं, याला किती काळ लोटला होता ते त्यांना आठवेना.

लाँड्रीवाले मितभाषी गृहस्थ. बायको जाऊन काही वर्षं झालेली. बोलायचं सगळं काम त्यांनी गल्ल्यावर बसणाऱ्या थोरल्या बहिणीवर, आक्कांवर सोपवलं होतं, आणि आक्का ते दोघांच्या वाटचं करायच्या.

"आता तुम्ही यायच्या नाहीत म्हणजे?" लाँड्रीवाल्यांनी विचारलं.

"येणार ना!" बाईंनी स्वतःचाच आवाज ऐकला. "दर मंगळवारी. तपासणी असते!"

अशी तपासणी जगात कुठेही नव्हती.

दर मंगळवारी बाई यायच्या. छपरावर जायच्या. आता नुसतं उभं कसं राहणार? म्हणून नळ्यांवर बोटानं टकटक करायच्या, टाकीला कान लावायच्या आणि "हं..." म्हणायच्या. लाँड्रीवाले श्वास रोखून बघत राहायचे. मग दोघं खाली यायची, आणि ज्यासाठी बाई आठवडाभर दिवस ढकलत असत ते सुरू व्हायचं. चादरींच्या घड्या!

मोठी चादर एकट्यानं घडी होत नाही. बायको गेल्यापासून लाँड्रीवाले एक टोक भिंतीतल्या खिळ्याला अडकवायचे आणि दुसरं स्वतः धरायचे. आक्कांचे खांदे दुखायचे, आणि गिऱ्हाइकांशी बोलणं सोडून उठतील तर त्या आक्का कसल्या? पहिल्याच मंगळवारी बाईंनी खिळ्याचं टोक काढून आपल्या हातात घेतलं. चादर ताणायची, झटकायची, मग दोघांनी एकमेकांकडे चालत यायचं. आपली टोकं लाँड्रीवाल्यांच्या हातात द्यायची. बोटाला बोट लागायचं, न लागायचं. आणि पुन्हा मागे सरकायचं, पुढच्या चादरीसाठी. दवाखाना मोठा होता. बाईंना वाटायचं, अजून मोठा असता तर!

निघायची वेळ झाली की बाईंचा चेहरा उतरायचा. आणि घोटाळा झाला तो इथेच. कारण गल्ल्यावरून तो चेहरा आक्कांना समोरासमोर दिसायचा.

"काय सांगायचं!" आक्का गिऱ्हाइकांना सांगायच्या. "बाई दर आठवड्याला येतात. टाकीला कान लावतात. आणि जाताना चेहरा कसा, तर आतल्या पेशंटचं काही खरं नाही असं सांगायला बाहेर आलेल्या डॉक्टरसारखा!"

घरी बाईंचे वडीलही काही आंधळे नव्हते. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. बाई आरशासमोर तिसऱ्यांदा केस विंचरताना बघून ते म्हणाले, "आज मंगळवार वाटतं."

"हो, बाबा. तपासणी आहे."

"बिघडलंय का काही?"

"नाही. ठणठणीत आहे."

"माझ्या दुकानात एक गिऱ्हाईक यायचं. चालू घड्याळ घेऊन. दर थोड्या दिवसांनी! मी म्हणायचो, अहो, हे चालतंय. तरी यायचं. शेवटी कळलं, समोरच्या दुकानातल्या मुलीसाठी."

"मग?"

"मग काय? मुलीचं लग्न झालं. घड्याळ चालूच होतं."

बाईंनी कंगवा ठेवला आणि चप्पल शोधायला लागल्या. चप्पल पायातच होती.

त्याच दिवशी गल्लीच्या तोंडाशी बेकरीवाल्यानं त्यांना गाठलं. बेकरीवाला म्हणजे अगडबंब देह, भुवयांपर्यंत पीठ, आणि मन लोण्यासारखं. कुजबुजायला लागला की पलीकडच्या गल्लीत ऐकू जायचं.

"बाई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा."

"तिथं, लाँड्रीत... काहीतरी आहे ना?"

बाईंनी घाईनं इकडे-तिकडे पाहिलं. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला हवं! तुमचा चेहराच सांगतो. जाताना कसा, येताना कसा!"

"एवढं दिसतं?"

"सगळ्या गल्लीला दिसतं. एका लाँड्रीवाल्यालाच दिसत नाही."

बाईंनी डोळे मिटून घेतले. "त्यांना सांगू नका. हात जोडते तुम्हाला."

"छे छे! पण हे सुरू कधी झालं?"

"पहिल्याच दिवशी."

"पहिल्याच दिवशी!" बेकरीवाल्याच्या भुवयांवरचं पीठ उडालं. "आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"वाटलं, आपोआप जाईल. पण दर आठवड्याला वाढतच चाललंय."

"काही उपाय?"

"या वयात कसला उपाय? आतल्या आत सोसायचं."

बेकरीवाल्यानं मान वर करून लाँड्रीच्या इमारतीकडे पाहिलं. खरंच की! इमारतीचं वय झालंच होतं. तो एक पाऊल मागे सरकला. "फुटणार तर नाही ना, बाई?"

"कधीतरी फुटेलच," बाई खिन्नपणे म्हणाल्या. मनात दडवलेली गोष्ट आज ना उद्या फुटतेच, हे त्यांना ठाऊक होतं. "पण माझ्या हातात आहे तोवर फुटू देणार नाही!"

बेकरीवाल्यानं त्यांच्या धैर्याला मनोमन नमस्कार केला आणि थेट सुतारापुढे जाऊन उभा राहिला. बाईंना त्यानं वचन दिलं होतं ते लाँड्रीवाल्याला न सांगण्याचं. सुताराचं नाव त्यात कुठे होतं?

संध्याकाळपर्यंत गल्लीनं चालण्याची बाजू बदलली! लाँड्रीच्या बाजूनं कुणी फिरकेना. सुतारानं आपल्या फळ्या दारात उभ्या रचून तटबंदी केली. छापखानेवाल्यानं कागदांचे गठ्ठे मागच्या खोलीत हलवले, कारण कागद भिजला की धंदा बसला. आणि हे हलवताना त्यानं कारण सांगितलं ते नेमकं आक्कांना, कारण त्या "काय हो, एवढी धावपळ कसली?" असं विचारत दारात आल्या होत्या.

आक्कांना एखादी गोष्ट कळल्यावर ती भावाला कळायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच लागला. त्या बोलत बोलतच आत शिरल्या.

लाँड्रीवाले ऐकत राहिले. त्यांच्या मनात आलं ते भलतंच. बाईंना हे पहिल्यापासून ठाऊक होतं. आपल्याला घोर नको म्हणून त्या बोलल्या नाहीत. दर आठवड्याला येऊन एकट्या त्या टाकीला जपत राहिल्या! आणि आता साहेब गल्लीतल्या सगळ्या मालकांना घेऊन यंत्र बघायला यायचे होते. त्यांच्यासमोर टाकी फुटली तर बाईंचं काय होईल?

त्यांनी कुणाला न विचारता ठरवून टाकलं. साहेब यायच्या दिवशी सकाळीच टाकी रिकामी केली. बोळातल्या जुन्या बॉयलरवरची ताडपत्री ओढून काढली. तोंडातल्या तोंडात त्याची माफी मागितली आणि तो पेटवला.

साहेब आले ते पांढराशुभ्र शर्ट घालून. शर्ट नवा होता, आणि त्याची जाणीव साहेबांच्या चालण्यातही होती. बाई पुढे. मागे छापखानेवाला, सुतार, बेकरीवाला. तिघंही लाँड्रीच्या भिंतीपासून शक्य तितके लांब, एकमेकांना चिकटून.

"या, या! लांब का उभे?" बाई म्हणाल्या. "हीच ती लाँड्री! धूर नाही, वास नाही, आवाज नाही! नुसतं ऊन!"

"फुस्स!" असा आवाज आला.

बोळातल्या धुराड्यातून एक काळा ढग बाहेर पडला. इतके दिवस दाबून ठेवलेला सगळा राग त्या बॉयलरनं एका दमात ओकला. ढग वर गेला, छपरावर वाळत घातलेल्या दवाखान्याच्या चादरींवरून मायेनं फिरला, आणि मग सावकाश खाली उतरला. साहेबांच्या शर्टावर!

"फुटली!" असं किंचाळत बेकरीवाल्यानं सुताराला मिठी मारली. सुतारानं छापखानेवाल्याला मारली. क्षणभर तिघांचा एकच गठ्ठा झाला.

धूर विरला. साहेब तिथेच उभे होते. फक्त आता ते ठिपक्यांचे होते.

"बाई," ते शांतपणे म्हणाले, "हे ऊन आहे का?"

बाई बोळाकडे धावल्या. लाँड्रीवाले डिझेलचा डबा हातात घेऊन उभे होते.

"बॉयलर कुणी पेटवला?"

"मी."

"पण का?"

"टाकी फुटणार होती म्हणून."

"कोण म्हणालं?"

लाँड्रीवाल्यांनी आक्कांकडे बोट दाखवलं. आक्कांनी छापखानेवाल्याकडे. छापखानेवाल्यानं सुताराकडे, सुतारानं बेकरीवाल्याकडे. आणि बेकरीवाल्यानं, अत्यंत दुःखी चेहऱ्यानं, बाईंकडे.

"मी? मी कधी म्हणाले?"

"असं काय करता, बाई? पहिल्या दिवसापासून आहे म्हणालात! वाढतच चाललंय म्हणालात! उपाय नाही, आतल्या आत सोसायचं, कधीतरी फुटेल... सगळं तुमचंच बोलणं!"

बाईंना सगळं उमगलं. कानाच्या पाळ्या इस्त्रीसारख्या तापल्या.

"बाई," साहेब म्हणाले, "टाकीत नेमकं काय आहे?"

एक छोटंसं खोटं बोलायला बाईंना अवघड नव्हतं. एक चकती सैल होती, आता बसवली! झालं असतं. पण मग या गल्लीतला एकही माणूस पुन्हा उन्हाच्या वाटेला गेला नसता. त्यांनी तिघांकडे पाहिलं. बेकरीवाला दिवसभर धुरात खोकायचा. सुताराच्या जनरेटरच्या धडधडीत त्याला गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकू यायचं नाही. छापखान्याची वीज गेली की कामगार हात बांधून बसायचे. वर्षभर बाई यांच्या दारात बसल्या होत्या.

"टाकीत पाणी असतं, साहेब," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून ठणठणीत आहे. सुईएवढाही बिघाड नाही."

"मग ही दर मंगळवारची तपासणी? आपल्याकडे अशी तपासणीच नाही!"

"ती मी काढली."

"कशासाठी?"

बाईंचा खणखणीत आवाज कुठे गेला कोण जाणे. "चादरीचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं," त्या म्हणाल्या. "ते मला धरायचं होतं."

गल्ली चिडीचूप झाली. आक्कासुद्धा! बोलला तो बेकरीवाला.

"म्हणजे... त्या दिवशी तुम्ही टाकीबद्दल बोलत नव्हता!"

"नाही."

"अरे देवा! आणि मी सगळ्यांना टाकी म्हणून सांगितलं!"

बाईंनी हिंमत करून लाँड्रीवाल्यांकडे पाहिलं. ते आपल्या हातातल्या डब्याकडे बघत होते. तसंच बघत म्हणाले, "चादरी पुन्हा धुवायला हव्यात." आणि आत गेले.

आता पुढचा भाग ऐका. गल्ली तयार झाली! सुतारच म्हणाला, "अहो, बाईंना यायला कारण मिळेना म्हणून खोटं कारण काढावं लागलं. याहून भरवशाचं यंत्र कुठं मिळणार?" छापखानेवाल्याला ते पटलं. बेकरीवाल्यानं तर आधी माझ्याकडे बसवा म्हणून हट्ट धरला. ठिपक्यांच्या साहेबांनी बाईंचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं, आणि तपासणीबद्दल पुन्हा अवाक्षर काढलं नाही. शर्ट मात्र आक्कांकडे धुवायला टाकून गेले.

बाईंनी जे जे सांगितलं होतं ते सगळं झालं होतं. घरी येऊन त्या खिडकीत बसून राहिल्या. वडिलांनी बातमी ऐकली, "छान झालं" म्हणाले, आणि त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले.

मग बेकरीचं काम सुरू झालं. बेकरी लाँड्रीच्या बरोब्बर समोर. बाई रोज बेकरीच्या छपरावर. समोरच्या छपरावर लाँड्रीवाले चादरी वाळत घालायचे. मध्ये एवढीशी गल्ली, पण बाईंनी ती ओलांडली नाही. मंगळवार आले आणि गेले. वरून त्यांना समोरची खिडकी दिसायची. खिडकीत भिंत, भिंतीत खिळा, खिळ्याला चादरीचं टोक. बाई तिकडे पाठ करून नळ्या मोजायच्या. चुकायच्या. पुन्हा मोजायच्या.

एका सकाळी समोरून हाक आली.

"बाई!"

त्या दचकल्या. लाँड्रीवाले आपल्या छपराच्या कठड्याशी उभे होते. या माणसाला ओरडता येतं हेच बाईंना ठाऊक नव्हतं.

"काय?"

"टाकी ठणठणीत आहे!"

"माहीत आहे मला!"

"पॅनेलंही ठणठणीत! इस्त्र्याही! काही म्हणजे काही बिघडलेलं नाही!"

"बरं!"

"म्हणजे तुम्हाला यायला कारण असं काहीच नाही!"

बाईंच्या हातातला पाना खाली आला. "बरं," त्या म्हणाल्या. ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं नाही.

लाँड्रीवाल्यांनी कठडा घट्ट धरला. खाली छापखान्याचं यंत्र अचानक थांबलं. सुताराची करवतही.

"तरी या!" ते ओरडले. त्यांचा आवाज मध्येच फाटला. "कारण नसताना या! मला... मला त्या दिवशी बोलायला सुचलं नाही!"

बाईंना शिडीची आठवण राहिली नाही. त्या जिन्यानं धावल्या. जिना उतरला तो थेट पिठाच्या कोठीत! त्यातून बाहेर पडल्या तर दारात बेकरीवाला आडवा. "बाई, निघालात कुठं? माझ्या भट्टीचं आधी सांगा! ही नळी इकडून घ्यायची की..."

"तिकडून!" म्हणत बाईंनी त्याला वळसा घातला. त्याला वळसा घालणं म्हणजे एखाद्या चौकाला वळसा घालण्यासारखं होतं. गल्ली ओलांडून त्या लाँड्रीच्या दारात पोचल्या तेव्हा केसांत पीठ, छातीत धडधड, आणि आत कुणीच नव्हतं. इस्त्री चालू, दार उघडं, माणूस गायब.

बाई पायरीवर बसल्या. ओरडून झाल्यावर माणसाला भीती वाटली असेल, पळून गेला असेल, असं त्यांना वाटायला लागलं.

वरची खिडकी धाडकन उघडली.

"अहो बाई!" आक्का ओरडल्या. "इथं काय बसलात? तो तुम्हाला आणायला गेलाय! मागच्या दारानं, बोळातून, बेकरीत!"

बाई उठल्या. दोन पावलं गेल्या. आपण तिकडे जायचो आणि ते इकडे यायचे, असं मनात आलं, म्हणून परत येऊन बसल्या. पण ते तिकडेच थांबले तर? पुन्हा उठल्या. पण निघाले असले तर? पुन्हा बसल्या.

"अहो, काहीतरी एक ठरवा!" आक्का खिडकीतून अर्ध्या बाहेर आल्या. "तिकडे तोसुद्धा हेच करत बसला असेल!"